भिंतीपासून कागदापर्यंत : तम्माम अझ्झाम आणि सीरियाची परागंदा कला

तम्माम अझ्झाम यांचा जन्म 1980 मध्ये दमास्कसला झाला. दमास्कस विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत ते तैलरंगचित्रण शिकले. पोटापाण्यासाठी त्यांनी त्याच शहरात ग्राफिक डिझायनरचे काम केले आणि त्याच शहरात त्यांचा स्टुडिओही होता. 2011 मध्ये सीरियात उठाव पेटला, सरकारने तो रक्तात बुडवायला सुरुवात केली आणि अझ्झाम कुटुंबासह दुबईला गेले. 2016 मध्ये ते जर्मनीला पोचले आणि पुढे बर्लिनमध्ये स्थिरावले. दमास्कसमध्ये ते कॅनव्हासवर दोऱ्या आणि कपड्यांचे चिमटे चिकटवत होते. दुबईत स्टुडिओच उरला नाही, तेव्हा संगणकाच्या पडद्यावर छायाचित्रे जोडू लागले. मग पुन्हा रंग-कुंचला हाती आला, आणि जर्मनीत त्यांनी रंगवलेल्या कागदाचे फाडलेले तुकडे एकमेकांवर चिकटवून चित्रे घडवली. देश सुटल्यावर चित्रकाराचे काय होते, याचे उत्तर त्यांच्या विषयांपेक्षा या बदलत्या साहित्यात अधिक स्पष्ट दिसते.

प्रस्तुत पुस्तक याच सूत्रावर उभे आहे. परागंदा कलावंताबद्दल बोलताना समीक्षक बहुधा आठवण, दुःख आणि घराची ओढ यांविषयी बोलतात. त्यात खोटे काही नाही. पण एवढ्याने त्या कलेचे वेगळेपण सांगून होत नाही. देश सोडणाऱ्या चित्रकाराच्या हातून आधी जागा जाते. ओले कॅनव्हास वाळत ठेवायची खोली, रंग उधार देणारा दुकानदार, रोज येऊन चित्रावर वाद घालणारे मित्र, चित्र विकत घेणारे चार ओळखीचे लोक, हे सगळे एका दिवसात नाहीसे होते. नव्या गावी जे हाताशी येईल त्यावर काम सुरू करावे लागते. म्हणून निर्वासनाची खरी नोंद चित्राच्या पृष्ठभागावर शोधायला हवी. अझ्झाम यांचे काम ही नोंद विलक्षण प्रामाणिकपणे दाखवते. ती वाचता यावी यासाठी त्यांच्यामागची शंभर वर्षांची सीरियन चित्रपरंपरा आणि त्यांच्यासोबत देशाबाहेर पडलेली पिढी, दोन्ही समजून घ्यावी लागतात.

सीरियातील आधुनिक चित्रकलेची सुरुवात उस्मानी साम्राज्याच्या अखेरच्या काळात झाली. त्याआधी तिथे दृश्यकला नव्हती असे नाही. चर्चमधल्या प्रतिमा, मशिदींतील मोझेइक आणि सुलेखन, दमास्कसच्या जुन्या वाड्यांतील रंगवलेली लाकडी तक्तपोशी, लोककथांतील वीरांची काचेवरची चित्रे असा मोठा वारसा होता. चौकटीत बसवून भिंतीवर टांगायचे तैलचित्र मात्र नवे होते. तौफीक तारिक यांच्यासारख्या पहिल्या पिढीच्या चित्रकारांनी ऐतिहासिक प्रसंग आणि शहरदृश्ये युरोपीय वास्तववादी पद्धतीने रंगवली. 1920 पासून फ्रेंचांचा अंमल सुरू झाला आणि मिशेल किर्शे यांच्या दमास्कसच्या गल्ल्यांत प्रभाववादी उजेड उतरला. 1946 मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा चित्रकारांकडे कसब होते, पण चित्र नेमके कोणाचे आणि कशासाठी, हा प्रश्न अजून सुटायचा होता.

त्या प्रश्नाशी झुंजणारी पिढी 1950 आणि 1960 च्या दशकांत पुढे आली. तिच्यातील अदहम इस्माईल यांचे नाव येथे मुद्दाम घ्यायला हवे. ते अंताक्याचे. त्यांचे गाव ज्या अलेक्झांड्रेटा प्रांतात होते तो 1939 मध्ये तुर्कस्तानात गेला आणि तिथली अनेक अरब कुटुंबे सीरियात विस्थापित होऊन आली. इस्माईल यांचे 1951 मधील हमालाचे चित्र सीरियन आधुनिकतेचा एक आरंभबिंदू मानले जाते. त्यात ओझ्याखाली वाकलेला माणूस आणि भोवतीच्या लयदार रेषा एकाच गतीने वर चढतात. म्हणजे घर सुटल्याचा अनुभव सीरियन कलेत 2011 मध्ये प्रथम आला नाही. तिच्या पायातच तो होता.

याच पिढीतील फतेह मुदर्रिस (1922-1999) अलेप्पोचे. रोममध्ये शिकून आल्यावर त्यांनी युरोपीय शैली जशीच्या तशी उचलली नाही. उत्तर सीरियातील खेड्यांची तांबडी माती, प्राचीन असीरियन शिल्पांचे रोखलेले डोळे आणि पौर्वात्य ख्रिस्ती प्रतिमांची समोरासमोरची मांडणी यांतून त्यांनी स्वतःची मानवाकृती घडवली. चौकोनी डोकी, जवळजवळ नसलेल्या माना, एकमेकांना चिकटून उभी कुटुंबे. जमीन गमावलेल्या शेतकऱ्यांचे ते जग आहे. दमास्कसमधील त्यांचा तळघरातला स्टुडिओ अनेक तरुण चित्रकार, कवी आणि विद्यार्थ्यांचे भेटीचे ठिकाण होता. लुआय कय्याली (1934-1978) यांची वाट याहून वेगळी. मासेमारी करणारे, रस्त्यावर वस्तू विकणारी मुले, थकलेल्या आया यांना त्यांनी जाड, निश्चित रेषेत आणि शांत रंगांत बसवले. 1967 मध्ये अरब लोकांच्या संघर्षावरील त्यांच्या मोठ्या कोळसाचित्रांचे प्रदर्शन झाले. त्यावर कठोर टीका झाली, त्याच वर्षी जूनमध्ये इस्रायलबरोबरच्या युद्धात अरबांचा पराभव झाला आणि त्यांनी ती चित्रे नष्ट केली. राजकीय आघात चित्रकाराच्या हातातील साहित्यापर्यंत कसा पोचतो, याचे हे आधीच्या काळातील उदाहरण.

तिसरी वाट अमूर्ताची. महमूद हम्माद यांनी अरबी अक्षरे वाचनापासून सोडवून त्यांचे रंगीत आकार केले. दमास्कसला शिकवायला आलेले इटालियन चित्रकार ग्विदो ला रेजिना यांच्या सहवासात या प्रवाहाला जोर आला. इलियास झय्यात यांनी ख्रिस्ती प्रतिमांच्या जतनाचे काम करता करता तीच प्रतिमाभाषा आधुनिक चित्रात आणली. 1960 मध्ये दमास्कसला कला महाविद्यालय सुरू झाले आणि पुढे ते विद्यापीठाची विद्याशाखा झाले. वर उल्लेखलेल्यांपैकी अनेकांनी तिथे शिकवले. त्यामुळे मानवाकृतीप्रधान अभिव्यक्तिवाद, सामाजिक वास्तववाद आणि अक्षरांतून उगवलेले अमूर्त हे तिन्ही प्रवाह एकाच छताखाली पुढच्या पिढीला मिळाले. अझ्झाम या छताखालून बाहेर पडलेल्या पिढीतले आहेत.

त्या छताला मालकही होता. 1963 मध्ये बाथ पक्षाने सत्ता घेतली आणि 1970 पासून हाफिज अल-असद यांची एकहाती राजवट सुरू झाली. कलेला सरकारी आश्रय मिळाला. प्रदर्शने, संघटना, नोकऱ्या यांची सोय झाली. त्या बदल्यात काय दाखवायचे नाही, हे प्रत्येकाला न सांगता कळू लागले. 1982 मध्ये हमा शहरात सैन्याने हजारो लोक मारले आणि त्याबद्दल पुढची अनेक वर्षे देशात उघड बोलता येत नव्हते. अशा काळात चित्रकार प्रतीकांकडे वळतात. बांधलेला मासा, रिकामी खुर्ची, झोपलेली आकृती, डोळे मिटलेला चेहरा या गोष्टी सीरियन चित्रांत वारंवार येतात. त्यांच्यामागे न बोलता आलेले बरेच काही आहे.

युसूफ अब्देलके हे या काळाचे सर्वांत ठसठशीत उदाहरण. 1951 मध्ये कामिश्ली येथे जन्मलेले अब्देलके डाव्या राजकारणामुळे 1978 ते 1980 तुरुंगात होते. 1981 मध्ये ते पॅरिसला गेले आणि 2005 पर्यंत परतू शकले नाहीत. पॅरिसमध्ये त्यांनी एचिंगचे शिक्षण घेतले आणि मोठ्या कागदावर कोळशाने वस्तुचित्रे काढली. लाकडी फळीवरचे माशाचे डोके, त्यात रुतलेला सुरा, दोरीने आवळलेली कवटी. वस्तू नेहमीच्याच, पण गडद काळ्यातून अशा पुढे येतात की छळाची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. 2013 मध्ये सीरियात त्यांना पुन्हा अटक झाली आणि महिन्याभराने सुटका झाली. त्याआधीच्या पिढीतले मरवान कस्साब बाशी (1934-2016) यांचा देशत्याग वेगळ्या प्रकारचा होता. ते 1957 मध्ये शिकायला बर्लिनला गेले आणि तिथलेच झाले. दिवसा पोटापाण्याचे काम आणि रात्री चित्रे, असे त्यांनी सुरुवातीला अनेक वर्षे काढली. पुढे ते बर्लिनच्या कला विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांचे विषय अगदी मोजके राहिले : चेहरा, कळसूत्री बाहुली, थोड्या वस्तू. कॅनव्हासभर पसरलेला चेहरा रंगांच्या थरांखाली जमिनीसारखा, डोंगरउतारासारखा होतो. जन्मगावाच्या दृश्यांऐवजी त्यांनी माणसाच्या चेहऱ्यातच गावाची जमीन शोधली. 1999 पासून काही उन्हाळे त्यांनी जॉर्डनमध्ये अम्मानच्या दारत अल-फुनून या संस्थेत अरब तरुणांसाठी कार्यशाळा घेतल्या. तिथे शिकलेल्यांत तम्माम अझ्झामही होते. पहिल्या पिढीतील परदेशी सीरियन चित्रकार आणि नव्या पिढीचा निर्वासित चित्रकार यांची भेट अशी आधीच झालेली होती.

2000 मध्ये बशर अल-असद सत्तेवर आले. सुरुवातीचे काही महिने दमास्कसमध्ये खुल्या चर्चा झाल्या, मग त्या दडपल्या गेल्या. कलेचा बाजार मात्र खुला झाला. अतासी भगिनींनी होम्समध्ये सुरू करून दमास्कसला आणलेली गॅलरी आधीपासून होती. 2006 मध्ये अय्याम गॅलरी आली. आखातातील संग्राहकांना सीरियन चित्रे दिसू लागली, भाव वाढले, तरुण चित्रकारांना आधार मिळाला. अझ्झाम यांची या काळातील ‘धुणे’ ही मालिका या वातावरणातली आहे. जाड पोताच्या पृष्ठभागावर खऱ्या दोऱ्या ताणलेल्या, त्यांवर खरे चिमटे. कपडे बहुधा नाहीतच. गच्चीवरच्या रोजच्या दृश्यात कुणाची तरी अनुपस्थिती आहे. पुढे शहरेच्या शहरे रिकामी होतील याची कल्पना तेव्हा कुणालाच नव्हती.

मार्च 2011 मध्ये दक्षिणेकडील दारा शहरातल्या काही शाळकरी मुलांनी भिंतीवर सरकारविरोधी घोषणा लिहिल्या. त्यांना पकडून छळण्यात आले आणि त्याविरुद्ध उठलेली निदर्शने देशभर पसरली. सीरियन उठावाची ठिणगी भिंतीवरच्या अक्षरांतून पडली, हे पुढच्या कलेच्या संदर्भात सतत लक्षात ठेवावे लागते. चाळीस वर्षे भिंतीवर फक्त नेत्याचे चित्र लागत होते. लोकांनी ती भिंत परत घेतली. त्यापाठोपाठ स्टेन्सिल, भित्तिचित्रे, गाणी, भित्तिपत्रके आणि व्यंगचित्रे यांचा पूर आला. मसासित माती या नाट्यगटाने बोटांवरच्या बाहुल्यांनी हुकूमशहाची टर उडवणारे छोटे व्हिडिओ केले. बाहुल्या तपासणीनाक्यावरून खिशात घालून नेता येत होत्या. अबुनद्दारा या चित्रपटकारांच्या गटाने दर शुक्रवारी एक लघुपट प्रसिद्ध करण्याचा नेम ठेवला. सत्तेने याचे उत्तर क्रौर्याने दिले. व्यंगचित्रकार अली फर्झात यांना ऑगस्ट 2011 मध्ये दमास्कसमध्ये गाठून बेदम मारण्यात आले आणि त्यांची बोटे मोडण्यात आली. चित्र काढणारा हातच हल्लेखोरांचे लक्ष्य होता. व्यंगचित्रकार अक्रम रसलान यांना 2012 मध्ये अटक झाली आणि ते कोठडीतच मरण पावले. अशा परिस्थितीत देश सोडणे हा काम चालू ठेवण्याचा एकच मार्ग अनेकांपुढे उरला. अय्याम गॅलरीने आपले काम दुबईला हलवले आणि आपल्या अनेक चित्रकारांना बाहेर पडायला मदत केली. अझ्झाम त्यांपैकी एक.

दुबईत त्यांच्याकडे स्टुडिओ नव्हता, मोठ्या कॅनव्हासला जागा नव्हती. ग्राफिक डिझायनर म्हणून कमावलेले कौशल्य आणि संगणक एवढेच सोबत आले होते. सीरियाशी संबंध उरला तो फक्त रोज येणाऱ्या छायाचित्रांतून. तीच छायाचित्रे त्यांचे साहित्य झाली. 2013 च्या सुरुवातीला त्यांनी ‘स्वातंत्र्याचे भित्तिचित्र’ केले आणि लंडनच्या साची गॅलरीने आपल्या फेसबुक पानावर ते दिल्यावर काही दिवसांत ते जगभर पोचले.

हे चित्र जवळून पाहण्यासारखे आहे. सीरियातील एका इमारतीचा दर्शनी भाग, गोळ्यांनी आणि तोफगोळ्यांनी चाळण झालेला. खिडक्यांच्या जागी काळी भगदाडे, गिलावा उडून उघडे पडलेले काँक्रीट. त्या भिंतीवर गुस्ताव्ह क्लिम्टचे ‘चुंबन’. 1907-08 मध्ये व्हिएन्नात सोन्याच्या वर्खाने मढवलेले ते जोडपे, पुरुषाच्या अंगरख्यावर काळे-पांढरे आयत, स्त्रीच्या वस्त्रावर रंगीत वर्तुळे आणि फुले. अझ्झाम यांनी क्लिम्टचे सोने भिंतीवर असे बसवले आहे की गोळ्यांची भोके आणि अंगरख्यावरील आयत एकमेकांत मिसळतात. काही ठिकाणी नक्षी कुठे संपते आणि जखम कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. स्त्रीचे डोळे मिटलेले आहेत. सभोवतालचा विध्वंस त्या युगुलाच्या गावीही नाही. पाहणाऱ्याला मात्र दोन्ही एकदम दिसते. चित्राचे बळ या एकाच वेळी दिसण्यात आहे. युरोपने शंभर वर्षे जपलेले प्रेमाचे प्रतीक आणि त्याच युरोपच्या बातम्यांत काही सेकंद येऊन जाणारी भिंत एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत.

अनेकांना वाटले की हे सीरियातल्या खऱ्या भिंतीवर रंगवलेले चित्र आहे. तो गैरसमज या कलाकृतीबद्दल बरेच सांगून जातो. ज्या भिंतीवर चित्रकाराला जाता येत नाही, तिच्यावर तो पडद्यावरून चित्र काढतो. दारा शहरातल्या मुलांना भिंत हाताला लागत होती. अझ्झाम यांना तिचे छायाचित्र उरले होते. या एका फरकात निर्वासनाची सगळी अवस्था सामावली आहे.

हे चित्र ‘सीरियन संग्रहालय’ या मालिकेतले आहे. त्यात मातिसच्या नर्तिका ढिगाऱ्यात फेर धरतात, लिओनार्दोची मोनालिसा उद्ध्वस्त शहरापुढे बसते, गोयाचे 3 मे 1808 च्या हत्याकांडाचे चित्र सीरियन रस्त्यावर येते. गोयाच्या चित्राची निवड नेमकी आहे. स्पेनमध्ये एका दिवशी झालेल्या हत्येची आठवण एका थोर चित्राने दोनशे वर्षे टिकवली; सीरियात असे दिवस रोज येत होते, त्यांची आठवण कोण टिकवणार, असा प्रश्न अझ्झाम विचारतात. ‘सुखाचा प्रवास’ या मालिकेत रंगीत फुग्यांना बांधलेली पडकी इमारत दुसऱ्या कुठल्यातरी आकाशात तरंगते. घर सोडून निघालेल्याला लोक ज्या शब्दांनी निरोप देतात तेच शब्द शीर्षकात आहेत. येथे घरच निघाले आहे आणि ते कुठे उतरणार हे फुग्यांच्या हाती नाही.

या टप्प्यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्हींना वजन आहे. पहिला, दुःखाला सुंदर करण्याचा. उद्ध्वस्त घराच्या छायाचित्रावर सोने चढवले की पाहणारा सोने पाहतो, घर विसरतो. दुसरा, ओळखीचा. युरोपीय चित्रांच्या आधारानेच सीरियाचे दुःख जगाला कळणार असेल, तर सीरियाच्या स्वतःच्या चित्रपरंपरेचे काय? याचे अंशतः उत्तर असे देता येते की अझ्झाम यांना नेमकी हीच विषमता दाखवायची होती : जग ज्या प्रतिमा जपते आणि ज्या प्रतिमा सरकवून पुढे जाते त्यांच्यातली. तरी आक्षेप पूर्ण मिटत नाही. त्यांच्या पुढच्या कामाकडे पाहिले की वाटते, तो त्यांनाही मिटलेला वाटला नसावा.

कारण ते पुन्हा रंगाकडे वळले. ‘मजले’ या मालिकेत त्यांनी कोसळलेल्या वस्त्यांची प्रचंड आकाराची चित्रे काढली. येथे उसनी प्रतिमा नाही, सोने नाही, माणूसही नाही. राखाडी, तपकिरी, मळकट पांढरा. एकावर एक कोसळलेल्या स्लॅबच्या आडव्या रेषा. दृष्टीला थांबायला जागाच नाही. छायाचित्राच्या एका क्लिकमध्ये पकडलेला ढिगारा कुंचल्याने काढायला आठवडे लागतात. ज्या दृश्यावरून बातमीचा प्रेक्षक क्षणात पुढे जातो, त्यापाशी चित्रकार दीर्घकाळ उभा राहतो. मुदर्रिस यांची माती आणि मरवान यांचे थरांवर थर चढवलेले पृष्ठभाग येथे दूरवरून आठवतात.

2016 मध्ये ब्रेमेनजवळच्या डेल्मेनहॉर्स्ट येथील एका अभ्याससंस्थेची शिष्यवृत्ती घेऊन अझ्झाम जर्मनीत आले. येथून त्यांचे काम कागदाकडे झुकले. आधी कागद रंगवायचा, मग तो हाताने फाडायचा, मग लहानमोठे तुकडे जवळजवळ आणून मोठ्या पृष्ठभागावर चिकटवायचे. कात्रीची सरळ कड नाही. प्रत्येक तुकड्याला फाटल्याची पांढरी, तंतुमय किनार. लांबून पाहिल्यावर इमारत, गल्ली, कधी एखादी उभी आकृती दिसते. जवळ गेल्यावर ती विस्कटून केवळ तुकडे उरतात. चित्र पुन्हा सांधण्यासाठी मागे सरकावे लागते. ही चित्रे बहुधा शीर्षकाविना असतात. क्लिम्टच्या चित्रात विध्वंस प्रतिमेखाली होता. येथे विध्वंस हीच घडवण्याची रीत झाली आहे. फाडल्याशिवाय काही उभेच राहत नाही. शहराचे नाव सांगायची गरज संपते, आणि दमास्कसमध्ये खऱ्या दोऱ्या कॅनव्हासवर चिकटवणारा हात वेगळ्या वाटेने पुन्हा आपल्या जुन्या सवयीपाशी येतो.

अझ्झाम यांच्या काळातील सीरियन कलावंतांनी अनेक वाटा शोधल्या आणि त्यांची ढोबळ मांडणी करता येते. एक वाट साक्षीची. नजाह अल-बुकाई यांनी दमास्कसच्या कोठडीत मृतदेह वाहून नेण्याचे काम सक्तीने केले. सुटल्यावर त्यांनी ते सारे आठवणीतून पेन आणि एचिंगने काढले. अझ्झा अबू रबिया यांनी तुरुंगातल्या सोबतिणींचे चेहरे उतरवले. जिथे कॅमेरा पोचू शकत नव्हता तिथे रेखाटन हाच पुरावा झाला. दुसरी वाट अभावाची. खालेद बराके यांनी वृत्तछायाचित्रांतील मृत आणि जखमींच्या आकृती काढून टाकल्या. उरले ते त्यांना उचलून धावणारे लोक आणि त्यांच्या हातांतली पांढरी पोकळी. ह्राइर सार्किस्यान यांनी 2008 मध्येच, म्हणजे उठावाआधी, अलेप्पो, लताकिया आणि दमास्कसमधील फाशी देण्याच्या चौकांची पहाटेची रिकामी छायाचित्रे काढली होती. रंदा मद्दाह या इस्रायलव्याप्त गोलानमधल्या. त्यांनी एका मोडक्या घरात जाऊन फरशी पुसणे, पडदा लावणे, टेबल मांडणे एवढीच कृती चित्रित केली. तिसरी वाट संग्रहाची. सना याझजी यांनी 2013 पासून उठावातील चित्रे, घोषणा, गाणी यांचा ‘सीरियन क्रांतीची सर्जनशील स्मृती’ हा डिजिटल संग्रह उभा केला. बराके यांनी बर्लिनमध्ये परागंदा सांस्कृतिक कार्यकर्त्यांसाठी संस्था काढली. चौथी वाट अझ्झाम यांची, पृष्ठभाग आणि साहित्याची. या वाटा एकमेकींना छेदतात, आणि कोणतीही एक दुसरीपेक्षा अधिक खरी नाही.

या कलेचा विचार आत्ता करण्याची कारणे ठोस आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या अंदाजानुसार युद्धाच्या पहिल्या दहा वर्षांत तीन लाखांहून अधिक नागरिक मारले गेले, आणि युद्धापूर्वीच्या लोकसंख्येपैकी निम्म्याहून अधिक लोकांना घर सोडावे लागले. कलेची एक अख्खी पिढी बर्लिन, पॅरिस, बैरूत, इस्तंबूल, दुबई येथे विखुरली. 2020 मध्ये जर्मनीतल्या कोब्लेन्झ येथे सीरियन गुप्तचर अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला, तेव्हा न्यायालयाबाहेर बराके यांनी कार्यकर्त्यांच्या खऱ्या कपड्यांतील मुठी उंचावलेल्या आकृती उभ्या केल्या. कला आणि न्याय एकाच चौकात आले. 8 डिसेंबर 2024 रोजी असद राजवट कोसळली. तुरुंगांची दारे उघडली आणि लोक नातलगांची नावे शोधत कागदपत्रांच्या ढिगांतून फिरले. परतणे आता शक्य आहे. पण परतायचे कुठे, हा प्रश्न कठीण झाला आहे. घर पडले, शेजारी पांगले, मुले दुसऱ्या भाषेत वाढली. परागंदा म्हणून तेरा वर्षे घडलेली कला उद्या सीरियाची राष्ट्रीय कला ठरेल की परदेशी कलेचा एक कप्पा, याचा निर्णय पुढच्या काही वर्षांत होणार आहे.

आणखी एक धोका आहे. ‘निर्वासित कलावंत’ हे लेबल युरोपातील संस्थांना आणि बाजाराला सोयीचे आहे. त्याखाली चित्र पाहण्याआधीच पाहणाऱ्याची करुणा ठरून जाते. ज्याला वीस वर्षांची कारागिरी, गुरू, परंपरा आणि स्वतःचे दृश्यप्रश्न आहेत, तो केवळ आपत्तीचा प्रतिनिधी होऊन बसतो. असा सन्मान म्हणजे दुसऱ्यांदा बेघर करणे होय. अझ्झाम यांना त्यांच्या परंपरेत ठेवून पाहिले की ते टळते. मुदर्रिस, कय्याली, मरवान आणि अब्देलके यांच्या पुढचा चित्रकार म्हणून ते दिसतात, आणि युद्ध हा त्या चित्रकारावर कोसळलेला प्रसंग ठरतो.

हे पुस्तक तेवढ्यासाठी आहे. पाश्चात्त्य चित्रकलेच्या इतिहासावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. अरब जगातील आधुनिक चित्रकारांवर फार थोडे. त्यामुळे या विषयाकडे प्रथमच येणाऱ्या वाचकाला नावे, शहरे आणि घटना यांची घडी बसवून देणे हे पहिले काम मानले आहे. दुसरे काम चित्रे सावकाश पाहण्याचे. प्रत्येक टप्प्यावरची निवडक चित्रे साहित्य, आकार, रंग आणि बांधणी यांच्या अंगाने वाचली आहेत. राजकीय घटना तिथेच येतात जिथे त्या चित्राच्या पृष्ठभागापर्यंत पोचल्या आहेत. चरित्रातील खासगी तपशील मुद्दाम कमी ठेवले आहेत, कारण परागंदा माणसाच्या मागे राहिलेल्या आप्तांची सुरक्षितता कुतूहलापेक्षा मोठी आहे. सीरियातील युद्धाचा संपूर्ण राजकीय इतिहास येथे नाही. देशातच राहून काम करणाऱ्या चित्रकारांचा विचारही येथे ओझरता आहे. त्यांच्या धैर्याला आणि अडचणींना स्वतंत्र पुस्तक हवे.

निर्वासनावर बोलताना जे गमावले त्याची यादी करणे सोपे असते. गमावल्यानंतरही हात कशावर चालत राहिला, हे पाहायला अधिक चिकाटी लागते. तम्माम अझ्झाम यांच्या कामात ते स्पष्ट दिसते : दोरी गेली तर पडदा, पडदा पुरेना तर रंग, रंगानंतर कागद. प्रत्येक वेळी साहित्य परिस्थितीने ठरवले, आणि त्या साहित्यात काय घडवायचे ते चित्रकाराने. सीरियाच्या परागंदा कलेची ताकद या दुसऱ्या निर्णयात आहे, आणि तिचे मोलही त्यावरूनच ठरवायला हवे.